डोळा काढावा लागतो तेव्हा

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच विषयावरची आहेत: शस्त्रक्रियेने डोळा काढणे आणि त्यानंतर रिकाम्या जागी जे बसवले जाते ते. ती वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. खोबणीच्या आत कायमचा राहणारा गोळा आणि पापण्यांच्या मागे बाहेरून बसवला जाणारा कृत्रिम डोळा या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे रुग्णाला कोणी नीट समजावून सांगितलेले नसते, आणि बरीचशी भीती या गोंधळातूनच निर्माण होते. म्हणून निवडक प्रश्नांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझे वय 52 आहे. लहानपणी उजव्या डोळ्याला मार लागला आणि त्याची दृष्टी गेली. गेल्या दोन वर्षांत तो डोळा आकसला असून त्यात सतत ठणका असतो. एका डॉक्टरांनी संपूर्ण डोळा काढण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी केवळ आतला भाग काढू, असे सांगितले. दोघांचे म्हणणे वेगळे का? आणि औषधांवर भागणार नाही का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण शस्त्रक्रियेचा निर्णय त्यानंतरच घ्यायला हवा. दृष्टी गेलेला पण दुखणारा डोळा प्रत्येक वेळी काढावाच लागतो, असे नाही. दाह कमी करणारे आणि बाहुली विस्फारणारे थेंब, दाब वाढलेला असल्यास तो उतरवण्याचे उपाय, काही रुग्णांमध्ये डोळ्यामागे दिले जाणारे वेदनाशामक इंजेक्शन, हे सारे आधी करून पाहता येते. या उपायांनी काही महिने बरे वाटते आणि ठणका पुन्हा सुरू होतो, असा अनुभव असेल, तर मात्र शस्त्रक्रिया टाळत राहण्यात लाभ नाही. असा डोळा काढल्यानंतर बहुतेकांचे दुखणे थांबते, आणि झोप व भूक पूर्ववत झाल्यावर आपण किती काळ सोसत होतो, हे रुग्णाच्या लक्षात येते.

आता दोन डॉक्टरांच्या दोन मतांविषयी. पहिल्या शस्त्रक्रियेला एन्युक्लिएशन म्हणतात. तीत डोळा हलवणारे सहा स्नायू नेत्रगोलकापासून सोडवले जातात, डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारा मागचा दृष्टी मज्जातंतू कापला जातो आणि संपूर्ण गोलक बाहेर काढला जातो. दुसरी इव्हिसरेशन. तीत डोळ्याचे बाहेरचे पांढरे, चिवट कवच, म्हणजे श्वेतपटल, जागेवर ठेवून आतला सगळा भाग काढून टाकतात. या कवचाला स्नायू चिकटलेलेच राहत असल्यामुळे शस्त्रक्रिया तुलनेने कमी वेळात होते आणि पुढे कृत्रिम डोळ्याची हालचाल अनेकदा चांगली मिळते. एक्झेंटरेशन नावाचा तिसरा प्रकारही आहे. त्यात खोबणीतील इतर ऊतीही काढल्या जातात, परंतु तो पसरलेल्या कर्करोगासारख्या गंभीर कारणांसाठीच असतो आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

इव्हिसरेशन सोपे असेल तर सर्वांचे तेच का करत नाहीत, असे आपण विचाराल. याची दोन कारणे आहेत. पहिले कारण गाठीची शंका. डोळ्यात कर्करोग असेल आणि तो न ओळखता आतला भाग खरवडून काढला, तर रोग पसरू शकतो. म्हणून डोळ्याचा पुढचा भाग धूसर झाल्याने आतले दिसत नसेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची सोनोग्राफी करून गाठ नाही, याची खात्री करणे मला अत्यावश्यक वाटते. आपली ही तपासणी झाली आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना जरूर विचारा. मतभेदाचे मूळ कदाचित तिथेच असेल.

दुसरे कारण चांगल्या डोळ्याचे रक्षण. एका डोळ्याला खोल, भोसकल्यासारखी जखम झाली, तर आतील रंगद्रव्ययुक्त ऊती शरीराच्या प्रतिकारयंत्रणेसमोर उघड्या पडतात, आणि क्वचित ही यंत्रणा निरोगी असलेल्या दुसऱ्या डोळ्यावरही हल्ला करते. वैद्यकात याला सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया म्हणतात. अंधांची लिपी तयार करणारे लुई ब्रेल यांचा जन्म 1809 चा. तीन वर्षांचे असताना वडिलांच्या चामड्याच्या कामाच्या जागी खेळताना एका डोळ्यात अणकुचीदार हत्यार घुसले, आणि पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. याच विकारामुळे तसे घडले असावे, असे मानले जाते. वाचण्याची आशा नसलेला जखमी डोळा दोन आठवड्यांच्या आत काढावा, हा जुना दंडक या भीतीतून आला. आज स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे उपलब्ध आहेत, विकारही दुर्मीळ आहे, त्यामुळे दंडक पूर्वीइतका कठोर राहिलेला नाही. श्वेतपटल ठेवल्याने काही रंगद्रव्ययुक्त ऊती मागे राहण्याची शक्यता असल्यामुळे काही शल्यचिकित्सक जुन्या जखमेच्या डोळ्यात एन्युक्लिएशनच पसंत करतात. आपल्या जखमेला चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे आणि हा विकार झाला तर बहुतांशी पहिल्या वर्षातच दिसतो. त्यामुळे सोनोग्राफीत गाठ आढळली नाही, तर आपल्याबाबतीत दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे मला अधिक पटते. डोळा फार आकसला असेल तर कवचात पुरेसा मोठा गोळा मावेल का, एवढे मात्र त्यांना विचारून घ्या. मागच्या बाजूने कवचाला छेद देऊन जागा वाढवण्याची पद्धत आहे.

प्रश्न: आईचा डोळा काढल्यावर डॉक्टरांनी "आत इम्प्लांट बसवले आहे" असे सांगितले, परंतु पट्टी उघडल्यावर तिथे फक्त गुलाबी त्वचा आणि एक पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा दिसला. बुबुळ नव्हते. शस्त्रक्रिया अर्धवट झाली आहे का? आणि नवा डोळा हलेल का?

उत्तर: शस्त्रक्रिया अर्धवट झालेली नाही. आईंच्या डोळ्यात जे दिसते आहे, ते या टप्प्यावर तसेच दिसायला हवे.

प्रौढ माणसाच्या खोबणीत सुमारे 30 मिलिलिटर जागा असते आणि त्यातील सुमारे 7 मिलिलिटर जागा नेत्रगोलक व्यापतो. गोलक काढल्यावर ती पोकळी तशीच सोडली, तर वरची पापणी खाली ओघळते, तिच्यावरचा भाग खोल जातो, खालची पापणी सैल पडते आणि चेहऱ्याची ती बाजू बसल्यासारखी दिसते. हे टाळण्यासाठी त्याच शस्त्रक्रियेत आत एक गोळा ठेवतात, त्याला डोळ्याचे स्नायू जोडतात आणि वरून ऊतींचे थर शिवून तो पूर्णपणे झाकतात. हे झाले इम्प्लांट. ते बाहेरून कधीच दिसत नाही, आणि दिसू लागले तर तो दोष समजायचा.

आपल्याला दिसलेला गुलाबी थर त्वचेचा नाही. पापणीच्या आतल्या बाजूला असते तेच ते ओलसर अस्तर आहे. त्यावरचा पारदर्शक तुकडा म्हणजे कन्फॉर्मर. पापण्यांमागचे कप्पे आकसू नयेत म्हणून तो ठेवलेला असतो. तो निसटून बाहेर आला तर घाबरू नका, पण फेकूनही देऊ नका. स्वच्छ ठेवा आणि लवकरात लवकर डॉक्टरांकडून परत बसवून घ्या. सहा ते आठ आठवड्यांनी सूज उतरली की ऑक्युलरिस्ट, म्हणजे कृत्रिम डोळा तयार करणारा तज्ज्ञ, खोबणीचे माप घेऊन अॅक्रिलिकचे कवच बनवतो आणि त्यावर दुसऱ्या डोळ्याशी जुळणारे बुबुळ रंगवतो. शक्य असेल तर तयार साच्यातल्या डोळ्यापेक्षा मापाने घडवलेलाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तयार डोळा खोबणीला सर्व बाजूंनी टेकत नाही, मधल्या फटीत स्राव साचतो आणि हालचालही कमी मिळते.

गोळ्याचे माप हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मूळ गोलकाचा व्यास सुमारे 24 मिलिमीटर असतो. प्रौढांमध्ये साधारण 18 ते 22 मिलिमीटर व्यासाचे गोळे वापरतात. 18 मिलिमीटरच्या गोळ्याचे आकारमान जेमतेम 3 मिलिलिटर भरते, 20 चे 4.2 आणि 22 चे 5.6. व्यासातला चार मिलिमीटरचा फरक आकारमान जवळजवळ दुप्पट करतो. गोळा लहान पडला तर उणीव भरून काढण्यासाठी बाहेरचा कृत्रिम डोळा जाड करावा लागतो. मग त्याचे वजन खालच्या पापणीवर येते आणि काही वर्षांत ती ओघळते. उलट गोळा गरजेपेक्षा मोठा असेल, तर वरच्या टाक्यांवर ताण पडून तो उघडा पडू शकतो. म्हणूनच शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या वेळी मापाचे गोळे ठेवून पाहतात आणि मगच निवड करतात.

हा गोळा कशाचा असावा, यावर शंभराहून अधिक वर्षे प्रयोग चालू आहेत. 1880 च्या दशकात इंग्लंडमधील शल्यविशारद फिलिप म्यूल्स यांनी आतला भाग काढलेल्या डोळ्यात काचेचा पोकळ गोळा ठेवला, आणि पुढच्या सगळ्या प्रयत्नांना तिथून दिशा मिळाली. 1980 च्या दशकात प्रवाळापासून बनवलेला हायड्रॉक्सीअॅपेटाइटचा गोळा आला आणि 1989 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून रक्तवाहिन्या आत वाढतात आणि गोळा शरीराशी एकजीव होतो. सच्छिद्र पॉलिएथिलीनचा गोळाही याच तत्त्वावर काम करतो. अॅक्रिलिक आणि सिलिकॉनचे गोळे सच्छिद्र नसतात, पण ते गुळगुळीत, स्वस्त आणि बदलायला सोपे असतात. नीट बसवलेल्या साध्या गोळ्याने उत्तम परिणाम मिळतो, हे मी निःशंकपणे सांगतो. केवळ महाग म्हणून सच्छिद्र गोळा घेण्याचे कारण नाही.

आता हालचालीविषयी. स्नायू गोळ्याला जोडलेले असल्यामुळे गोळा हलतो, त्याबरोबर वरचे अस्तर हलते आणि त्यावर टेकलेला कृत्रिम डोळाही हलतो. समोर बसून बोलताना होणाऱ्या लहान हालचाली पुष्कळ अंशी नैसर्गिक दिसतात. अगदी कडेला पाहताना मात्र तो दुसऱ्या डोळ्याच्या मागे पडतो. हालचाल वाढवण्यासाठी गोळ्यात खुंटी बसवून ती कृत्रिम डोळ्याशी जोडण्याची पद्धत काही काळ प्रचलित होती. जंतुसंसर्ग आणि गोळा उघडा पडणे या त्रासांमुळे आता ती फारशी वापरली जात नाही. आईंना कडेला पाहताना मान वळवण्याची सवय लावायला सांगा. दोन डोळ्यांतला फरक लपतो आणि दृष्टीलाही त्याचा उपयोग होतो.

प्रश्न: आमच्या दोन वर्षांच्या मुलीच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत फोटोमध्ये पांढरी चमक दिसली. तपासणीत रेटिनोब्लास्टोमाचे निदान झाले आणि डोळा काढावा लागेल, असे सांगितले. एवढ्या लहान मुलीचा डोळा काढायला मन तयार होत नाही. गाठीचा तुकडा तपासून आधी खात्री करता येणार नाही का? थोडे थांबून पाहिले तर?

उत्तर: ताई, आपल्या पत्रातली प्रत्येक ओळ मी समजू शकतो, आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो. थांबू नका. दृष्टिपटलावर होणारा हा कर्करोग प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांमध्ये आढळतो. तो डोळ्याच्या आतच असेपर्यंत मूल पूर्ण बरे होण्याची शक्यता फार मोठी असते. वेळेवर उपचार मिळणाऱ्या देशांत 95 टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. दृष्टी मज्जातंतूच्या वाटेने तो मेंदूकडे सरकला, किंवा डोळ्याबाहेर पसरला, की हे चित्र झपाट्याने बदलते.

तुकडा काढून तपासण्याविषयी आपण विचारले, ते स्वाभाविक आहे. इतर बहुतेक गाठींमध्ये तसेच करतात. येथे मात्र सुई टोचल्याने पेशी डोळ्याबाहेर सांडण्याचा धोका असतो, म्हणून भूल देऊन केलेली तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांवरूनच निदान केले जाते. सर्वच मुलांचा डोळा काढावा लागत नाही. लहान गाठींवर केमोथेरपी, लेसर, अतिशीत उपचार यांनी डोळा वाचवता येतो. गाठीने डोळ्याचा बहुतांश भाग व्यापला असेल आणि उपयोगी दृष्टी परत येण्याची आशा नसेल, तेव्हा डोळा काढणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. मनाची खात्री व्हावी म्हणून या रोगाच्या दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्या, पण ते काही दिवसांत घ्या, महिन्यांवर नेऊ नका.

शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक दृष्टी मज्जातंतूचा शक्य तितका लांब तुकडा डोळ्याबरोबर काढतात आणि सगळा भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. तो अहवाल मिळेपर्यंत उपचार पूर्ण झाले, असे समजू नये. मज्जातंतूत किंवा डोळ्याच्या मधल्या थरात पेशी खोलवर शिरलेल्या आढळल्या, तर पुढे केमोथेरपी लागते. अहवालाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

इम्प्लांट बहुधा त्याच वेळी बसवतात, आणि लहान मुलांमध्ये त्याला आणखी एक अर्थ आहे. जन्मतः सुमारे 17 मिलिमीटरचा असलेला डोळा पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने वाढतो आणि त्याच्या वाढीबरोबर सभोवतालचे हाडही वाढते. खोबण रिकामी राहिली तर त्या बाजूचा चेहरा लहान राहू शकतो. योग्य मापाचा गोळा, किंवा काही वेळा मुलाच्याच शरीरातील त्वचेखालचा चरबीचा तुकडा, ही वाढ चालू ठेवायला मदत करतो. मुलगी मोठी होईल तसा बाहेरचा कृत्रिम डोळा वरचेवर बदलावा लागेल, याची तयारी ठेवा.

तिच्या दुसऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. हा रोग आरबी-1 नावाच्या जनुकातील दोषामुळे होतो. तो दोष केवळ डोळ्यातील पेशींत असतो किंवा जन्मापासून शरीरभर असतो. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांमध्ये तो शरीरभर असतोच, परंतु एकाच डोळ्यात रोग असलेल्या सुमारे 15 टक्के मुलांमध्येही तो आढळतो. अशा मुलांच्या दुसऱ्या डोळ्यात नंतर गाठ उद्भवू शकते. म्हणून जनुकीय चाचणी करून घ्या, डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासण्या चालू ठेवा आणि तिला भावंडे असतील तर त्यांचेही डोळे आताच तपासून घ्या.

मुलीला काय सांगावे, हे आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. तिला खोटे सांगू नका. "डोळा आजारी होता, तो काढला, आता तिथे रंगवलेला डोळा आहे," एवढे वाक्य दोन वर्षांच्या मुलीलाही हळूहळू कळते. घरात ज्या विषयावर कुजबुज होत नाही, त्याची लाज मुलांना वाटत नाही.

प्रश्न: मूत्रपिंड आणि हृदय बदलता येते, तर संपूर्ण डोळा का बदलता येत नाही? नेत्रदानाचे डोळे मग कुठे वापरतात?

उत्तर: नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्याचे प्रामुख्याने पारपटल, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, वापरला जातो. ज्याचे पारपटल पांढरे झाले आहे पण मागचा डोळा शाबूत आहे, त्याला त्यामुळे दृष्टी मिळते. संपूर्ण डोळ्याची अडचण दृष्टी मज्जातंतूची आहे. त्यात दहा लाखांहून अधिक तंतू असतात आणि एकदा कापल्यावर ते पुन्हा वाढून मेंदूशी जोडले जात नाहीत. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेहऱ्याच्या काही भागासह संपूर्ण डोळ्याचे पहिले प्रत्यारोपण झाले. त्या डोळ्यातील रक्तपुरवठा टिकला, पण दृष्टी आली नाही. डोळा काढण्याचा निर्णय या आशेवर लांबवू नये.

प्रश्न: डोळा काढून तीन आठवडे झाले. नसलेल्या डोळ्यासमोर मला प्रकाशाचे ठिपके आणि रंगीत आकार दिसतात, आणि त्या बाजूने पाणीही येते. हे कोणाला सांगितले तर मला वेडा ठरवतील, असे वाटते. काय करावे?

उत्तर: आपले मन पूर्ण ठिकाणावर आहे. हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला तो अवयव अजून असल्याचा भास होतो, हे आपण ऐकले असेल. डोळ्याच्या बाबतीतही तेच घडते. मेंदूतील दृष्टीचे केंद्र जागेवरच असते, डोळ्याकडून येणारे संदेश बंद झाल्यावर ते स्वतःहूनच आकृती निर्माण करते. काहींना ठिपके दिसतात, काहींना खाज किंवा वेदना जाणवते. बहुतेकांचा हा अनुभव काळानुसार विरळ होत जातो. केवळ आकार दिसत असतील तर उपचारांची गरज नसते, पण वेदना टिकून राहिली किंवा वाढली, तर ती भास समजून सोडून देऊ नका. जंतुसंसर्ग किंवा गोळ्याचा त्रास नाही ना, हे आधी तपासायला हवे.

पाणी येण्याचे कारण साधे आहे. अश्रूंची ग्रंथी डोळ्यात नसून खोबणीच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात असते, आणि शस्त्रक्रियेत तिला हात लावलेला नसतो. आपण रडलात तर दोन्ही बाजूंनी अश्रू येतील.

प्रश्न: कृत्रिम डोळा रोज रात्री काढून ठेवावा का? आणि एका डोळ्यावर रोजची कामे जमतील का?

उत्तर: रोज काढण्याची गरज नसते. वारंवार हाताळल्याने अस्तर चिडते आणि स्राव वाढतो. बोचत असेल किंवा स्राव साचला असेल तेव्हा हात धुऊन काढावा, सौम्य साबण व कोमट पाण्याने धुऊन परत बसवावा. स्पिरिट किंवा उकळते पाणी वापरू नये, त्याने अॅक्रिलिकला बारीक चिरा पडतात. डोळा पुसताना पापणी मिटून नाकाच्या दिशेने पुसावे, अन्यथा तो फिरतो किंवा निसटतो. दर सहा ते बारा महिन्यांनी ऑक्युलरिस्टकडून पॉलिश करून घ्यावे. साधारण पाच वर्षांनी तो बदलावा लागतो, कारण खोबणीचा आकार बदललेला असतो.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. सुरुवातीचे काही महिने अंतराचा अंदाज चुकतो: चहा कपाबाहेर सांडतो, पायरी हुकते, त्या बाजूने येणारी व्यक्ती दिसत नाही. किटलीचे तोंड कपाच्या कडेला टेकवून ओतणे, जिना उतरताना कठड्याला हात लावणे, रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवणे, अशा सवयी जाणीवपूर्वक लावाव्या लागतात. हळूहळू मेंदू वस्तूंचा आकार, सावली आणि हालचाल यांवरून अंतर ओळखायला शिकतो. वाहन चालवण्याचा परवाना आपल्या देशाच्या नियमांवर अवलंबून असतो, आणि परवानगी असली तरी पहिले काही महिने वाहन हाती घेऊ नये. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहजी न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या काचांचा चष्मा दिवसभर वापरा. उरलेल्या डोळ्याला राखीव जोडीदार नाही.

प्रश्न: सोळा वर्षांपूर्वी डोळा काढला होता. आता पाठदुखीसाठी एमआरआय करायला सांगितले आहे. आतल्या गोळ्यामुळे धोका आहे का? अलीकडे कृत्रिम डोळ्यावर घट्ट, पिवळसर स्रावही येतो.

उत्तर: हायड्रॉक्सीअॅपेटाइट, पॉलिएथिलीन, अॅक्रिलिक आणि सिलिकॉन यांपैकी कशातही लोह नसते, त्यामुळे एमआरआयला सहसा अडचण येत नाही. काही जुन्या गोळ्यांमध्ये मात्र धातूची जाळी किंवा चुंबक असे. म्हणून शस्त्रक्रियेचे कागद शोधा आणि तपासणी करणाऱ्यांना आधी कळवा. कागद नसतील, तर साध्या एक्स-रेवर धातू दिसतो.

मला अधिक काळजी स्रावाची वाटते. कारण साधे असू शकते: पॉलिश न झालेल्या पृष्ठभागामुळे पापणीच्या आत उठलेले पुरळ. परंतु इतक्या वर्षांनी गोळ्यावरचे अस्तर झिजून तो उघडा पडला असेल, तरीही असाच स्राव येतो. कृत्रिम डोळा काढून आरशात पाहा. गुलाबी अस्तराच्या मध्यभागी पांढरा ठिपका किंवा छिद्र दिसले, तर एमआरआयची तारीख पुढे ढकलून आधी नेत्रशल्यचिकित्सकांकडे जा. छिद्र लहान असताना त्यावर ऊतींचा तुकडा शिवून गोळा वाचवता येतो. जंतुसंसर्ग आतपर्यंत पोचल्यावर तो काढून टाकावा लागतो.